एका मोटरीसाठी धावड्यापर्यंत

पुण्याहून जालन्याला माणूस लग्नाला जातो, बियाणं आणायला जातो, नाहीतर बदली झाली म्हणून कुरकुरत जातो. मी निघालो होतो बायकोच्या कॅमेऱ्याची मोडकी लेन्स टॉवेलात गुंडाळून. पहाटेची एसटी, खिडकीची जागा आणि मांडीवर कापडी पिशवी. पिशवी वर ठेवा म्हणून कंडक्टरने दोनदा सांगितलं. पण एकदा मोडलेली वस्तू वरून पडून आणखी मोडायला नको होती.

तो बुधवार होता. शुभा, म्हणजे माझी बायको, बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेली होती आणि रविवारी परत येणार होती. तोवर लेन्स दुरुस्त होऊन कपाटात, त्याच कप्प्यात, त्याच बाजूला तोंड करून बसायला हवी होती. शुभाला काही कळायच्या आत. प्रवासाचा उद्देश म्हणावा तर एवढाच.

आमच्या घरात कामाची वाटणी स्पष्ट आहे. फोटो शुभा काढते, फोटोंविषयी मी बोलतो. सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी हौशी मंडळींचा वर्ग घेतो, आणि त्यात माझा लाडका विषय म्हणजे लेन्समधल्या ऑटोफोकसच्या मोटरी. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की लेन्सच्या आतली काच पुढेमागे सरकते आणि चित्र स्पष्ट होतं. ती काच सरकवणारी मोटर कोणत्या जातीची, यावर मी पाऊण तास बोलू शकतो. फळ्यावर आकृत्या काढतो. लोक झोपत नाहीत, निदान सगळे नाही.

शुभाची लेन्स वीस वर्षं जुनी. तिच्यात करंगळीएवढी मोटर आणि प्लॅस्टिकची दातेरी चक्रं. फोकस करताना ती 'गिर्र' असा आवाज काढते. आमच्या मुलीचं, सईचं अख्खं बालपण त्या गिर्रमधून गेलं आहे. माझी स्वतःची लेन्स वरच्या जातीची. तिच्यात कंपनांवर चालणारी अंगठीसारखी मोटर आहे, तिला चक्रं नाहीत, म्हणून तिची रिंग केव्हाही हाताने फिरवली तरी चालते. शुभाच्या लेन्सची फिरवायची तर आधी बाजूचं बटण 'हाताने'वर सरकवावं लागतं. नाही सरकवलं आणि जोर लावला, तर चक्रांचे दात तुटतात. हे मी वर्गात दर महिन्याला बजावतो.

गेल्या आठवड्यात गॅलरीत एक सूर्यपक्षी आला. हाताशी शुभाचा कॅमेरा होता. फोकस लागेना, म्हणून मी सवयीने रिंग फिरवली. जड वाटली, म्हणून जोर लावला. 'कट्' असा आवाज झाला. खरंच मोडली का, हे पाहायला मी बटण पुन्हा पुन्हा दाबलं आणि चौथ्या वेळेला जळका वास आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. माझ्या वर्गातला सगळ्यात ढ विद्यार्थी मीच निघालो. सूर्यपक्षी अर्थातच उडून गेला होता.

दुरुस्ती केंद्रातल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की हा भाग आता कुणी बनवतच नाही. मग वर्गातल्या एकाने जालन्याच्या मस्तगडमधल्या रशीदभाईंचं नाव सांगितलं. 'मित्राच्या लेन्ससाठी' म्हणून मी पत्ता घेतला.

नगरला चहा झाला. दुपार होता होता रस्त्याच्या कडेला मोसंबीच्या बागा दिसायला लागल्या, मग लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी, आणि जालना आलं. स्टँडवरून रिक्षा केली. मस्तगडच्या गल्लीत खाली दुकानं आणि वर माणसं राहतात. वाळत घातलेल्या साडीखालून वाकून मी रशीदभाईंच्या दुकानात शिरलो. पाटी घड्याळांची होती. आत पासष्टीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस एका डोळ्याला भिंग लावून बसला होता.

त्यांनी लेन्स हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली, रिंगला बोट लावलं.

"कोणी फिरवली?"

"एका मित्राने," मी म्हणालो.

"दोस्ताला सांगा, ताकद लावायची तर आखाड्यात लावा."

लेन्स उघडायला त्यांनी दहा मिनिटंही घेतली नाहीत. तेवढ्यात माझ्यातला मास्तर जागा झाला. या मोटरीला चक्रं असतात, अंगठीच्या मोटरीला नसतात, वगैरे मी सुरू केलं. रशीदभाईंनी मान हलवत हलवत एक खण ओढला. त्यात होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक मेलेली मोटर.

"ही बाटली बघा."

बाटली रिकामी होती.

"ही सगळ्यात पुरानी जात. लेन्समधी मोटरच न्हाई. मोटर कॅमेऱ्यात राह्यती, पेचकसासारखा दांडा लेन्समधी घुसतो अन् काच फिरवतो. आता लोकं नवा सस्ता कॅमेरा घेतात, त्याच्यात मोटर न्हाई. लेन्स आजोबाची, तिच्यात बी न्हाई. मंग माझ्याकडं येऊन भांडतात, फोकस का लागंना! लग्नात दोन्हीकडचे समजतात बँड समोरचे आणणार, तसं."

दुसऱ्या बाटलीत पायरीपायरीने सरकणारी मोटर होती, व्हिडिओवाल्यांच्या आवडीची. "हिची रिंग फिरवली तर काच फिरत न्हाई. आत नुसता निरोप जातो. कॅमेरा बंद असला तर निरोप घ्यायला घरात कोणीच न्हाई."

पाऊण तासाचं माझं व्याख्यान त्यांनी दोन मिनिटांत आटोपलं. वर माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, तुम्हाला तर सगळं मालूम हाय. मंग दोस्ताला आधी सांगितलं न्हाई का?"

मी समोर आलेल्या चहाकडे लक्ष दिलं.

निकाल वाईट होता. दोन चक्रांचे दात गेलेले, मोटर जळलेली. पण रशीदभाईंना आठवलं, दोन महिन्यांपूर्वी धावड्याची एक फोटोग्राफर मुलगी हीच लेन्स घेऊन आली होती. "काचेवर बुरशी, कापूस पिंजल्यावानी. म्हणलं बेटा, काच गेली, फेकून दे. तर म्हणली, मोटर चालती ना चाचा? बस. अन् घेऊन गेली. आता नुसत्या मोटरचं काय लोणचं घालती का?"

त्यांनी तिला फोन लावून माझ्या हातात दिला. मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. "या की सर," ती म्हणाली, "उद्या गावात कुंकवाचा कार्यक्रम हाय, तिथंच भेटा. पण लेन्स द्यायचं काय मी सांगत न्हाई." मी पुण्याचा माणूस. हा घासाघिशीचा पहिला डाव आहे, हे मी लगेच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या दुसऱ्या बशीपायी धावड्याच्या वाटेवरच्या भोकरदनची गाडी चुकली. एका कंडक्टरला दया आली. "टेंभुर्णीपर्यंत बसा, तिथून जीपा मिळत्यात. वाकडं पडंल, पण जल्दी जाल." वाकडं पडलं हे खरं. बाहेर हरभऱ्याला घाटे लागले होते, शाळू (रब्बीची ज्वारी) कमरेच्या वर गेला होता, आणि वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या (वाळकी झाडं) शेतात तशाच उभ्या होत्या. टेंभुर्णीला बाजार भरला होता. मी गरम भज्यांचा कागद हातात घेतला आणि नेमका शुभाचा फोन आला.

"कुठे आहेस? कसला एवढा आवाज?"

"बाजारात."

हे शंभर टक्के खरं होतं. तरी चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मी न विचारता कांद्याचा भावही सांगून टाकला. "तू कधीपासून भाव बघायला लागलास?" ती म्हणाली आणि हसली. मला भजी गोड लागेनात.

जीपमध्ये शेजारी एक शेतकरी मांडीवर विहिरीची मोटर घेऊन बसला होता. जळालेली, पुन्हा वायर भरून आणलेली. माझ्या मांडीवरची पिशवी बघून त्याने विचारलं, "तुमच्यात काय?"

"माझीपण मोटरच जळालीय."

"किती हॉर्सपॉवरची?"

मी करंगळी दाखवली. तो पोट धरून हसला.

"तुमची कोणी जाळली?" मी विचारलं.

"मीच की. विहिरीला पाणी न्हवतं तरी चालूच ठेवली. झोप लागल्ती."

"मग घरी काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? सांगून टाकलं. बायकू बोलली दोन शब्द, मंग भाकर बांधून देली." त्याने फडक्यात बांधलेली भाकरी दाखवली. मी खिडकीबाहेर बघू लागलो. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ दिसायला लागली होती.

धावड्यात मांडव शोधावा लागला नाही, सगळं गावच तिकडे चाललं होतं. कुंकू म्हणजे साखरपुडा. नवऱ्यामुलीला पाटावर बसवलेलं, दोन्हीकडची मंडळी मागे ओळीने उभी, आणि समोर सुनंदा, फोनवर बोललेली ती फोटोग्राफर. वय तिशीच्या आत, पायात बूट, ओढणी कमरेला खोचलेली. गळ्यात एक कॅमेरा, त्याला माझी लेन्स. म्हणजे शुभाच्या लेन्सची जुळी बहीण. दुसरा नवा कॅमेरा उजव्या हातात, छातीशी धरलेला.

"इकडं बघा सगळे!" असं म्हणून तिने गळ्यातला कॅमेरा डाव्या हाताने डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. गिर्र्र, गिर्र्र, गिर्र्र. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. पुरुषांनी पोटं आत घेतली, बायकांनी पदर सारखे केले, नवरीने श्वास रोखला. पासपोर्टच्या फोटोतही माणसं इतकी दुःखी दिसत नाहीत.

आणि मला दिसलं की त्या लेन्सवर काळी टोपी तशीच आहे. लेन्सचं झाकण! पोरगी झाकण न काढता फोटो काढतेय! झाकणामुळे लेन्सला काहीच दिसत नाही, म्हणून ती बिचारी या टोकापासून त्या टोकापर्यंत फोकस शोधत गिरगिरतेय. माझ्यातला मास्तर मला आवरला नाही.

"अहो ताई, टोपी! टोपी काढा!"

दोनेकशे माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी घाईघाईने आपली गांधी टोपी काढली. त्यांना बघून नवरी फिसकन हसली, नवरा हसला, मग सगळा मांडव हसत सुटला. सुनंदा मात्र हसली नाही. उजव्या हातातला नवा कॅमेरा तिने केव्हाच वर उचलला होता आणि त्याचा चकार शब्दही ऐकू आला नाही.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ आली. पत्रावळीवर येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) आमटी, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. माझ्या नाकातून पाणी वाहत होतं.

"पुण्याचे सर तुम्हीच ना?" ती म्हणाली. "ओळखलं मी. टोपीवरून."

"पण ती टोपी..."

"मुद्दाम ठेवती. टोपी असली की जास्त टाइम वाजती."

मग तिने सांगितलं ते मी कुठल्याही वर्गात ऐकलं नव्हतं. जुनी लेन्स तिच्या मामांची. वीस वर्षं पंचक्रोशीतली लग्नं त्या गिर्रने काढली. गावाला सवयच लागली, गिर्र झालं म्हणजे फोटो निघाला. मग काच गेली. सुनंदाने नवी लेन्स घेतली, सगळ्यात नव्या जातीची. तिच्यात काही फिरतच नाही, चुंबकाच्या जोरावर काच सरळ सरकते, आवाज शून्य.

"पहिल्याच लग्नात लोकं खांबावानी उभे राह्यले. मी चाळीस फोटो काढले अन् ते अजून उभेच! फोटो निघालाच न्हाई म्हणत होते. एका पाहुण्यानं कॅमेरा हातात घेऊन हलवला, तर आत खुळखुळ वाजलं."

"बंद असताना वाजणारच," मी म्हणालो. "चुंबकाला वीज नसली की काच आत सैल..."

"मला माहिती हाय सर. तेंला कोण सांगंल? फुटका कॅमेरा घेऊन आल्ती म्हणून गावभर झालं. दोन लग्नं गेली हातची. घरच्यांनी तर शाळेवर लागायचा फॉर्म बी आणून ठेवला."

"मोबाईलवर आवाज वाजवायचा ना."

"वाजवला. लोकं म्हणले, फोन उचल आधी."

तेव्हा तिला ही युक्ती सुचली. लोक गिर्रसाठी उभे राहतात. गिर्र थांबलं की झालं एकदाचं म्हणून श्वास सोडतात, एकमेकांकडे बघतात, हसतात, कुणी नवरीच्या केसातलं फूल सारखं करतं. तो क्षण ती मुक्या लेन्सने टिपते. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. मी पंचवीस वर्षं मोटरींवर बोलतोय, पण मोटरीचा आवाज माणसाच्या चेहऱ्याचं काय करतो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. एवढ्या मोठ्या मांडवात मला स्वतःची लाज वाटली.

तिने मला घरी नेलं. दारावर पंचशील ध्वजाची जुनी पताका, आत तिचे वडील, निवृत्त शिक्षक, वर्तमानपत्र वाचत बसलेले. चहा आला. मी माझ्या मित्राच्या लेन्सची कहाणी सुरू केली आणि मधेच थांबलो. का थांबलो कोण जाणे. "मित्र नाही," मी म्हणालो. "लेन्स माझ्या बायकोची आहे. मीच मोडली. रविवारी ती यायच्या आत दुरुस्त करायचीय."

"मॅडमला माहिती न्हाई?"

"नाही."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. सुनंदाने गळ्यातला कॅमेरा काढला, लेन्स सोडवली, ओढणीने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली.

"न्या सर. इतक्या लांबून आले तुम्ही. मी बघीन कायतरी दुसरं."

वडील म्हणाले, "अगं, पुढच्या आठवड्यात तीन कार्यक्रम हायेत तुझे." ती म्हणाली, "असू द्या."

घासाघीस करायला आलेला मी. समोर वस्तू फुकट ठेवलेली. खोटं कशाला बोलू, मी ती उचलली. हातात धरून पाहिली. रशीदभाईंनी दोन तासांत मोटर आणि चक्रं बदलली असती आणि शुभाला जन्मात कळलं नसतं. मी मनातल्या मनात लेन्स कपाटात ठेवूनसुद्धा आलो. पण माझं एक खोटं झाकायला या मुलीचं सगळं काम बंद पडणार होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने पुसून मला दिलं होतं. मी लेन्स परत तिच्या कॅमेऱ्याला बसवली.

"राहू दे," मी म्हणालो. "तिला सांगतो मी."

हे म्हणणं सोपं होतं, कारण शुभा नाशिकला होती.

रात्री मुक्काम तिथेच झाला. शुक्रवारी भोकरदनवरून सरळ रस्त्याने जालन्याला आलो. रिकाम्या हाताने आलेला बघून रशीदभाईंनी लेन्स पुन्हा उघडली. तुटक्या चक्रांचे तुकडे काढले, आत तेलाचा एक थेंब सोडला, लेन्स बंद केली. रिंग आता हाताने लोण्यासारखी फिरत होती.

"मोटर न्हाई, पण काच बिलकुल साफ हाय," ते म्हणाले. "हातानं फोकस करता येईल. वहिनींना सांगा."

'दोस्ताला' म्हणाले नाहीत. फोन धावड्याहून आला होता की त्यांना पहिल्यापासूनच कळलं होतं, ते मी विचारलं नाही.

शनिवारी घरी पोहोचलो. रविवारी शुभा आली, हातपाय धुऊन सोफ्यावर बसली. लेन्स मी टीपॉयवर ठेवली होती. भाषण तयार होतं.

"हे बघ, लेन्समध्ये साधारण पाच प्रकारच्या मोटरी असतात. त्यातल्या ज्या चक्रांवर चालतात..."

"तू माझी लेन्स मोडलीस का?"

"हो."

तिने लेन्स उचलली. रिंग फिरवून पाहिली, मग पुन्हा फिरवली. तिचे डोळे भरून आले. "सईच्या पहिल्या वाढदिवसापासून आहे ही माझ्याकडे," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग लेन्स मांडीवर ठेवून तिने विचारलं, कुठे गेला होतास. मी सगळं सांगितलं. रशीदभाई, जीपमधला मोटरवाला, सुनंदा. आजोबांच्या टोपीपाशी ती हसली, डोळे पुसत पुसत.

"मोटर आणली नाहीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "किती लांब आहे रे ते?"

"जाऊन येऊन साडेसातशे किलोमीटर झाले."

"साडेसातशे किलोमीटर," ती म्हणाली. "एक 'हो' म्हणायला."